प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता नवरा-बायकोचं काय? सीमाभागातल्या घरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातून मूत्ररोग विभागात येणाऱ्या मराठी रुग्णांशी बोलणं हे माझं रोजचं काम. ऑपरेशनला किती वेळ लागेल, रक्त लागेल का, नळी कधी निघेल, शेतावर कधी जाता येईल, हे सगळं लोक मोकळेपणानं विचारतात. एक प्रश्न तेवढा मागं राहतो. बायको पाण्याची बाटली भरायला किंवा मेडिकलला गेली, की आवाज खाली येतो: "आणि... ते बाकीचं?" पुढं शब्द नाही. काही जण तेवढंही न विचारता घरी जातात आणि पुढची कित्येक वर्षं एकाच खोलीत दोन खाटा टाकून काढतात.

हे पान त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्या बायकांसाठीही. इथलं वाचून गोळी-इंजेक्शन आपल्या मनानं सुरू करू नका. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, ते मात्र इथून जरूर घ्या.

"प्रोस्टेटचं ऑपरेशन" सगळ्यांचं एकच असतं का?

नाही, आणि बराचसा घोळ इथूनच सुरू होतो. शेजारच्या काकांचं प्रोस्टेट (मूत्राशयाच्या खाली असलेली पुरुषांची ग्रंथी) वयानं वाढलं होतं, ते दुर्बिणीतून खरवडून काढलं, चार दिवसांत ते घरी आले आणि पुढं सगळं सुरळीत. ते साध्या वाढीचं ऑपरेशन. त्यात ग्रंथीचा आतला भाग काढतात, कवच राहतं. ताठरतेला सहसा धक्का लागत नाही. वीर्य मात्र बाहेर न येता उलटं मूत्राशयात जातं.

कॅन्सरसाठी करतात ती रॅडिकल प्रोस्टेटेक्टॉमी. अख्खी ग्रंथी, मागच्या दोन वीर्यपिशव्यांसकट काढायची आणि मूत्रमार्ग पुन्हा मूत्राशयाला शिवायचा. तिसरा प्रकार पसरलेल्या कॅन्सरमध्ये दोन्ही वृषण काढण्याचा. त्याचा परिणाम एकदम वेगळा, तो खाली हार्मोनच्या प्रश्नात आहे. इथली बहुतेक उत्तरं दुसऱ्या प्रकाराची आहेत. काकांवरून आपला अंदाज बांधू नका.

ऑपरेशन झालं न्हवं, आता हे सगळं संपलं की काय?

संपलं नाही. हे उत्तर नीट वाचा, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

पुरुष ज्याला "ते" म्हणतो त्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. पहिली इच्छा. ती मनातून येते आणि तिला वृषणात तयार होणाऱ्या टेस्टोस्टेरॉनची साथ लागते. या ऑपरेशनमध्ये वृषणांना हात लागत नाही, म्हणून इच्छा शरीरात शाबूत असते. दुसरी ताठरता. ती लिंगात रक्त भरण्यावर आणि ते रक्त भरा असा निरोप नेणाऱ्या बारीक नसांवर अवलंबून. ऑपरेशनचा घाव बसतो तो या दुसऱ्या गोष्टीवर. तिसरी म्हणजे सुख, तो शेवटचा क्षण. स्पर्शाची जाणीव नेणाऱ्या नसा वेगळ्या वाटेनं जातात, प्रोस्टेटला चिकटून जात नाहीत. त्यामुळं लिंग पूर्ण ताठ नसतानाही स्पर्श जाणवतो आणि तो क्षण येऊ शकतो.

हे ऐकून माणसं चमकतात. "ताठ न होता? कसं शक्य आहे?" शक्य आहे, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा तो अनुभव येतो तेव्हा माणसाच्या चेहऱ्यावर उमटलेला दिलासा मी पाहिला आहे. तो क्षण कुणाला पूर्वीपेक्षा फिका वाटतो, कुणाला तसाच, कुणाला सुरुवातीला थोडा दुखरा. पण ताठरता गेली म्हणून उरलेल्या दोन गोष्टीही स्वतःहून सोडून देणं, हे नुकसान ऑपरेशननं केलेलं नसतं. जवळ झोपणं, हात फिरवणं, एकमेकांना सुख देणं यासाठी नसा सावरायची वाट बघायची गरज नाही. घरी आल्यावर, अंगात थोडी ताकद आली की तिथून सुरुवात करा.

डॉक्टर म्हणाले नसा वाचवल्यात. मग ताठरता का येत नाही?

या नसा प्रोस्टेटच्या दोन्ही अंगांना, पाठीमागच्या बाजूनं, रक्तवाहिन्यांच्या जुडीतून जातात. केसासारख्या बारीक, ग्रंथीला अगदी चिकटून. त्या नेमक्या कुठून जातात हे ओळखून त्या मुद्दाम राखण्याचं ऑपरेशन अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये केलं. त्याआधी या ऑपरेशननंतर ताठरता जाणं जवळपास धरूनच चालायचे.

फणसाच्या गऱ्यावरची पाती न तुटता सोडवायला जसा हलका हात लागतो, तसं हे काम. आणि कितीही हलक्या हातानं केलं तरी नसा ताणल्या जातात, थोड्या भाजतात, सुजतात. नस तुटलेली नसते, पण बधिर होते, निरोप नेत नाही. म्हणून नसा वाचवलेल्या माणसालाही पहिले काही महिने ताठरता नसणं हे अपेक्षितच असतं. याचा अर्थ डॉक्टर खोटं बोलले असा नाही.

आता एक काम करा. डिस्चार्ज कार्ड काढा. ऑपरेशनच्या परिच्छेदात ‘बायलॅटरल नर्व्ह स्पेअरिंग’ लिहिलं असेल तर दोन्ही बाजूंच्या नसा राखल्यात. ‘युनिलॅटरल’ म्हणजे एकाच बाजूच्या. ‘नॉन नर्व्ह स्पेअरिंग’ किंवा ‘वाइड एक्सिजन’ असेल तर गाठ नसांपर्यंत आलेली होती आणि कॅन्सर मागं राहू नये म्हणून नसा काढाव्या लागल्या. काहीच लिहिलेलं नसेल तर पुढच्या भेटीत सर्जनना सरळ विचारा आणि त्यांच्याकडून कार्डावर लिहून घ्या. गोळीचा उपयोग होईल की पंप-इंजेक्शनकडे वळावं लागेल, हे त्या एका ओळीवरून बरंचसं कळतं. कार्ड इंग्रजीत, सिस्टर कन्नडमध्ये सांगणार, आणि घरी फाइल वाचणार पोरगा किंवा सून. त्यामुळं ही ओळ वर्षानुवर्षं न वाचलेली राहते. लाजू नका, ती तुमच्याच शरीराची माहिती आहे.

मग परत येणार कधी?

६ महिने ते २ वर्षं हा सर्वसाधारण काळ. काहींना त्याहून जास्त. सुधारणा इतकी सावकाश असते की महिन्या-महिन्याला मोजली तर निराशाच हाती येते. आधी लिंग थोडं भरल्यासारखं वाटतं, मग अर्धवट ताठ होतं, मग कधीतरी पहाटे जाग येते तेव्हा जाणवतं. पहाटेची ताठरता दिसली तर ती नसा सावरत असल्याची चांगली खूण समजा आणि डॉक्टरांना सांगा.

कुणाचं किती परत येईल ते चार गोष्टींवर ठरतं: वय, ऑपरेशनपूर्वी ताठरता कशी होती, नसा एका बाजूच्या राखल्या की दोन्ही, आणि रक्तवाहिन्यांची तब्येत. साठीच्या आतला, शुगर नसलेला, आधी काही तक्रार नसलेला माणूस आणि सत्तरीतला, पंधरा वर्षं मधुमेह असलेला माणूस यांचा रस्ता एक नसतो. काहींची ताठरता आधीसारखी परत येत नाही, हेही मी इथं स्पष्ट लिहितो. त्यांच्यासाठीही उपाय आहेत, ते खाली आहेत, आणि ते नीट काम करतात.

रोबोटनं केलं असतं तर हे झालं नसतं का?

जमीन विकून रोबोटसाठी मोठ्या शहरात जावं का, असं विचारणारे येतात म्हणून सांगतो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन इथं रोबोटनं आणि पोट उघडून केलेल्या ऑपरेशनची समोरासमोर तुलना झाली. २०१८ साली तिचे निकाल छापून आले, तेव्हा २४ महिन्यांनंतर लैंगिक कार्यात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. रोबोटमध्ये रक्त कमी जातं, दवाखान्यातला मुक्काम कमी होतो, ते फायदे खरे. पण नसा राखतो तो सर्जनचा हात. तुमच्या सर्जननं अशी ऑपरेशनं किती केली आहेत, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

वीर्य येत नाही. अंगातली ताकदच गेली का?

वीर्याचं पाणी बनवणारी प्रोस्टेट आणि वीर्यपिशव्या दोन्ही काढल्या, शुक्रजंतूंची नळी बांधली. त्यामुळं तो क्षण आता कायम कोरडाच असणार. ताकदीचा याच्याशी काही संबंध नाही. धातू गेला की शक्ती गेली, असं लहानपणापासून ऐकलेलं मनात घट्ट बसलेलं असतं. मग वीर्यच नाही म्हटल्यावर माणूस स्वतःला रिकामा समजू लागतो. वृषण काम करत असतात, टेस्टोस्टेरॉन रक्तात जात असतं, दाढी-मिशा, आवाज, स्नायू सगळं जागच्या जागी असतं.

मूल हवं असेल तर मात्र हे ऑपरेशनच्या आधीच सांगा. शुक्रजंतू गोठवून ठेवता येतात.

त्या क्षणी थोडी लघवी बाहेर येते. लाज वाटते.

बऱ्याच जणांना होतं, विशेषतः पहिल्या वर्षात. आधी लघवीला जाऊन या, संध्याकाळनंतर चहा आणि पाणी बेतानं घ्या, खाली जुना टॉवेल ठेवा, हवं तर निरोध वापरा. लघवीनं बायकोला काही अपाय होत नाही. पण तिला आधी सांगून ठेवा. अचानक झालं तर दोघंही दचकतात आणि पुन्हा जवळ यायला धजत नाहीत. खालचा कंबरतळाचा व्यायाम यावरही उपयोगी पडतो.

लिंग लहान झाल्यासारखं वाटतंय. भास आहे का?

भास नाही. मूत्रमार्गाचा एक तुकडा ग्रंथीबरोबर निघतो आणि बरेच महिने रक्त न भरल्यानं आतली पेशीजाळी आकसते. काहींचा फरक पुढं कमी होतो. एखाद्याला वाकडेपणा किंवा आत गाठीसारखं लागतं, ते मात्र डॉक्टरांना दाखवा.

किती दिवसांनी सुरू करावं?

लघवीची नळी साधारण १ ते २ आठवडे असते. ती निघाल्यावर आतले टाके भरायला वेळ द्यायचा. ६ आठवड्यांच्या आसपास, तपासणीत सगळं ठीक असेल तर, संबंधाला हरकत नसते. तोवर पोत्याला हात लावणं, मोटारसायकलवर लांबचा प्रवास, सायकल हे टाळा. जवळीक, मिठी, शेजारी झोपणं याला मात्र पहिल्या दिवसापासून कुणाची आडकाठी नाही.

गोळ्या कोणत्या? घेतल्या तर हार्टवर येतं म्हणतात.

सिल्डेनाफिल १९९८ मध्ये बाजारात आली. तिच्यानंतर टाडालाफिल आणि इतर. लिंगाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या सैल करणं हे त्यांचं काम. इच्छा त्या निर्माण करत नाहीत. गोळी घेऊन टीव्हीसमोर वाट बघत बसलात तर काहीच होणार नाही. स्पर्श, जवळीक, मनाची ओढ लागतेच.

सिल्डेनाफिल उपाशी पोटी किंवा हलकं खाऊन, तासभर आधी. मटणाचा रस्सा आणि तूप-भात रेटून वर गोळी घेतली की तिचा असर उशिरा आणि कमी होतो, आणि माणूस म्हणतो गोळीच खोटी. टाडालाफिलला जेवणाची अडचण नाही आणि तिचा असर ३६ तासांपर्यंत राहतो, त्यामुळं घड्याळाकडे बघत राहावं लागत नाही. खेड्यात भरलेल्या घरात, जिथं एकांत कधी मिळेल सांगता येत नाही, तिथं माझ्या मते हीच सोयीची. डोकं दुखणं, चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, छातीत जळजळ, टाडालाफिलनं पाठदुखी, असा त्रास होऊ शकतो.

हृदयाचं म्हणाल, तर एक नियम जिवाशी गाठ घालणारा आहे. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेट गटातलं कोणतंही औषध चालू असेल तर या गोळ्या कधीही घ्यायच्या नाहीत. दोन्ही मिळून रक्तदाब एवढा कोसळतो की माणूस दगावू शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तासांत आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तासांत छातीत कळ आली, तर दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगायचं: "मी ही गोळी घेतली आहे." लाजेपायी लपवू नका, घरच्यांनाही माहीत असू द्या. लघवीसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर तेही सांगा, चक्कर येऊ शकते.

गोळी नसांच्या निरोपावर चालते. म्हणून ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत ती बऱ्याचदा लागू पडत नाही. तीच गोळी वर्षभरानं लागू पडते. एकदा-दोनदा घेऊन नाद सोडू नका.

डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहिलीय. त्यानं नसा लवकर जुळतात का?

रोजच्या गोळीनं नसा लवकर सावरतात असं तपासण्यांतून ठोस सिद्ध झालेलं नाही. लिंगात रक्त फिरत राहावं आणि आतली जाळी आकसू नये या हेतूनं अनेक डॉक्टर ती देतात. पैशाची ओढाताण असेल तर हे मोकळेपणानं बोला. गोळी परवडत नाही म्हणून आपलं काही कायमचं बिघडतंय, या धास्तीत राहू नका.

बसस्टँडजवळचा वैद्य पावडर देतो. नुसती झाडपाल्याची आहे म्हणे.

नको. अशा "शक्तिवर्धक" पुड्यांत आणि कॅप्सूलमध्ये चोरून सिल्डेनाफिल मिसळल्याचं अनेक देशांतल्या तपासण्यांत वारंवार सापडलं आहे, तेही कसलंही मोजमाप नसताना. सॉर्बिट्रेट घेणाऱ्या माणसानं ती पुडी खाल्ली तर काय होईल ते वर लिहिलंच आहे. गुण आला तर त्यातल्या चोरट्या गोळीमुळं, आणि नाही आला तर पैसे गेले. आयुर्वेदावर श्रद्धा असेल तर पदवी असलेल्या, नोंदणीकृत वैद्यांकडे जा आणि ऑपरेशनची फाइल त्यांच्यासमोर ठेवा.

पंप म्हणजे काय? दुखतं का?

प्लॅस्टिकची पारदर्शक नळी, तिला हातानं किंवा सेलवर चालणारा पंप, आणि रबरी कडी. आधी मुळाशी आणि नळीच्या तोंडाला जेली लावायची म्हणजे हवा निसटत नाही. तिथले केस कापलेले बरे. नळी अंगाशी घट्ट धरून सावकाश पंप करायचा, थोडं थांबायचं, पुन्हा करायचा. आतली हवा निघते तसं रक्त आत ओढलं जातं. पुरेसं ताठ झालं की नळीवर चढवून ठेवलेली कडी मुळाशी सरकवायची आणि नळी काढायची. कडी ३० मिनिटांच्या आत काढायचीच. ती घालून झोप लागता कामा नये.

घाईनं ओढलं तर दुखतं आणि निळे डाग पडतात. लिंग थोडं गार लागतं आणि मुळाशी डुलतं, हे बायकोला आधी सांगावं. हात बसायला थोडे दिवस लागतात. पहिल्या वेळी एकट्यानं, दार लावून, कसलीही घाई नसताना करून बघा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच. पंपाचा मोठा गुण असा की नसा काढलेल्या असल्या तरी तो चालतो, आणि एकदा घेतला की पुन्हा पुन्हा खर्च नाही. मला वाटतं, आपल्याकडे जेवढा सुचवला पाहिजे तेवढा तो सुचवला जात नाही.

इंजेक्शन... तिथं? नको बाबा.

सगळे आधी असंच म्हणतात. सुई इन्सुलिनच्या सुईसारखी बारीक असते. पॅपाव्हेरिन, अल्प्रोस्टॅडिल किंवा दोन-तीन औषधांचं मिश्रण लिंगाच्या बाजूला टोचतात. ५ ते २० मिनिटांत ताठरता येते. नसांच्या निरोपाची गरज नसल्यानं, गोळी हरते तिथंही हे काम करतं. पहिला डोस दवाखान्यातच घ्यायचा, मात्रा तिथंच ठरते. २४ तासांत एकदाच, आठवड्यात ३ वेळांपेक्षा जास्त नाही. ताठरता ४ तासांत उतरली नाही तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठायचा. उद्या सकाळवर ढकललं तर आतली जाळी कायमची निकामी होऊ शकते.

आणि काहीच लागू पडलं नाही तर?

लिंगात बसवायचे इम्प्लांट असतात. एक वाकवता येणाऱ्या कांड्यांचं, स्वस्त आणि साधं. दुसरं पाणी भरून फुगवायचं, त्याचा छोटा पंप अंडकोषाच्या पिशवीत असतो. स्पर्शाची जाणीव आणि सुख यांना धक्का लागत नाही. पण उरलीसुरली नैसर्गिक ताठरता त्यात कायमची जाते, म्हणून नसांना सावरायला पुरेसा काळ देऊन मगच हा निर्णय.

कंबरतळाचा व्यायाम सांगितलाय, पण नेमका कोणता स्नायू ते कळत नाही.

वात रोखताना जो भाग आवळला जातो तो. आरशासमोर उभं राहून बरोबर आवळलं तर लिंग किंचित आत ओढलं जातं आणि वृषण वर उचलल्यासारखे दिसतात. पोट, मांड्या, कुल्ले ढिले ठेवायचे आणि श्वास चालू. ५ ते १० सेकंद आवळा, तेवढाच वेळ सोडा, असं १० वेळा. दिवसातून ३ दा. नळी असताना करायचा नाही. लघवी करता करता धार थांबवून रोज व्यायाम करायचा नाही. बसमध्ये बसल्या बसल्या केला तरी कुणाला कळत नाही. मुख्य फायदा लघवी थांबण्यात, आणि लघवी आटोक्यात आली की जवळ जायची हिंमत आपोआप वाढते.

तंबाखूचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखू हे पीक आहे, बिडी हा हजारो बायांचा रोजगार आहे, तिच्यावर घरं उभी राहिली. हे सगळं मान्य करूनही सांगतो, तुमच्या बारीक रक्तवाहिन्या तंबाखूनं आक्रसतात आणि लिंगातल्या वाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षाही बारीक आहेत. बिडी आणि मळलेली तंबाखू, दोन्ही बंद. शुगरचंही तसंच. पाहुण्यांनी आणलेला कुंदा समोर आला की "एवढ्यानं काय होतंय" म्हणणारा माणूस तीन महिन्यांच्या शुगरच्या रिपोर्टमध्ये पकडला जातो, आणि तोच माणूस मला गोळी लागू पडत नाही म्हणून सांगतो. रोज सकाळी अर्धा-पाऊण तास भराभर चालणं याला तोड नाही.

बायकोला कॅन्सर लागेल का? संबंधानं आमचा पुन्हा उपटेल का?

दोन्ही नाही. कॅन्सर संसर्गानं पसरत नाही आणि संबंधानं परत येत नाही. परत येतोय का ते पीएसए या रक्ताच्या तपासणीतून कळतं, ती ठरलेल्या वेळी करत राहा.

(एका ताईंचा प्रश्न) ह्यांनी बोलणंच टाकलंय. मला काही नको, फक्त पूर्वीसारखं जवळ बसावं. कसं सांगू?

ताई, हे अगदी असंच सांगा. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते बहुधा असं असतं: जवळ गेलो तर तिची अपेक्षा वाढेल, मला जमणार नाही, मग तोंड कुठं लपवू. त्यापेक्षा लांबच बरं. आणि तुमच्या डोक्यात येतं, आता मी ह्यांना नकोशी झाले. दोघंही एकमेकांना जपण्यासाठी गप्प राहतात आणि घर गार पडतं.

अंधारात, निजायच्या वेळी हा विषय काढू नका. तेव्हा त्यांना परीक्षेला बसल्यासारखं होतं. दोघंच रस्त्यानं चालताना किंवा सकाळी परड्यात कामात असताना, समोरासमोर न बघता बोलणं सोपं जातं. "आज फक्त शेजारी झोपायचं, पुढं काही नाही," असं आधीच ठरवून टाका आणि खरंच पुढं जाऊ नका. असे काही आठवडे गेले की अंगाला अंग लागायची भीती ओसरते. पुढच्या भेटीला आत दोघंही या. मुलगा-सून सोबत असतील तर त्यांना बाहेर बसवायला मी स्वतः सांगतो.

तुमच्या शरीराचंही विसरू नका. पाळी गेल्यावर आत कोरडेपणा येतो, दुखतं, आणि त्याबद्दल तुम्हाला कुणी विचारत नाही. मेडिकलमध्ये पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती वापरा. खोबरेल तेल निरोधाबरोबर नको, रबर फाटतं. आणि तुमची स्वतःची इच्छा नसेल तर तेही बोलायची गोष्ट आहे, त्यात पाप काही नाही.

आम्ही माळकरी. सत्तरी ओलांडली. हे सगळं कशाला हवं?

नको असेल तर नको. दोघांनी मिळून, समाधानानं हा भाग बाजूला ठेवला असेल तर त्याला आजार म्हणत नाहीत आणि कुणी तुमच्यावर उपचार लादू नयेत. एवढंच बघा की हा निर्णय दोघांचा आहे. एकानं लाजेपायी ठरवलं आणि दुसरीनं गपचूप मान्य केलं, असं असेल तर एकदा विचारून घ्या.

ऑपरेशननंतर हार्मोनची इंजेक्शनं चालू आहेत. इच्छाच होत नाही.

ही इंजेक्शनं टेस्टोस्टेरॉन जवळपास बंद करतात. वृषण काढण्याचाही परिणाम तोच. इच्छा आटते, अंगातून गरम वाफा येतात, रडू येतं, चिडचिड होते. हे औषधामुळं होतं. माणूस बदलला, प्रेम आटलं, असा अर्थ घरच्यांनी काढू नये. इंजेक्शनं ठरावीक मुदतीची असतील तर ती संपल्यावर काही महिन्यांत टेस्टोस्टेरॉन बहुतेकांचं हळूहळू वर येतं. आपल्या मनानं इंजेक्शन चुकवू नका.

कुठं दाखवायचं? कार्ड चालतं का?

जिथं ऑपरेशन झालं त्या सर्जनकडे आधी. बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं प्रभाकर कोरे हॉस्पिटल आहे. निपाणी-चिकोडीचे लोक कोल्हापूर-मिरजेला जातात, खानापूरचे काही गोव्याला. कुठंही जा, फाइल एकच ठेवा. कर्नाटकात आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचं महाराष्ट्र शासनानं २०२३ मध्ये ठरवलं. ऑपरेशननंतरच्या या उपचारांपैकी कशाचा खर्च मिळतो ते दाखल होण्याआधी योजनेच्या खिडकीवर विचारून घ्या.

मन फार खचलंय. जगावंसं वाटत नाही.

आजच कुणाला तरी सांगा: बायकोला, भावाला, मला, कुणालाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फोन मोफत, आणि मराठीतून बोलता येतं. बाजूला माणूस असा खचलेला दिसला तर त्याला एकटं सोडू नका. औषधानं आणि बोलण्यानं हा अंधार उतरतो, मी तो उतरताना पाहिला आहे.

थेट दवाखाना कधी गाठायचा?

लघवी तुंबली किंवा धार एकदम बारीक झाली, लघवीत रक्ताच्या गाठी आल्या, थंडी वाजून ताप आला, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, धाप लागली, गोळीनंतर छातीत कळ आली, किंवा इंजेक्शननंतर ताठरता ४ तास उतरली नाही. निघताना डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला.